माझ्या फोनवर सरकारचा कान

४ जानेवारी, सकाळ
फोनवर टिक-टिक. तृप्तीशी बोलताना तीनदा. सरकार ऐकतंय, फिक्स. कारण उघड आहे: खड्ड्यांवरची माझी रील. अकरा जणांनी पाहिली. त्यातला एक तरी भोपाळचा सरकारी माणूस असणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तृप्तीचा नेपानगरहून पुन्हा फोन. बाबा स्थळं बघायला लागलेत, एकदा येऊन त्यांच्याशी बोल, म्हणाली. मी म्हटलं, हे फोनवर नको, लाईन सेफ नाही. तर म्हणे, मी पण तेच सांगतेय ना, फोनवर नको, घरी ये! पोरींना सिक्युरिटी कळत नाही.

७ जानेवारी
एका वकिलाचा व्हिडिओ पाहिला. (अर्धा. मध्येच कबड्डी लागली.) मतलब सरकारलाही वाटेल तेव्हा वाटेल त्याचा फोन ऐकता येत नाही! गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो, कारण लिहावं लागतं, आणि हुकूम फक्त साठ दिवस चालतो. मी साठ दिवस तोंडच उघडलं नाही तर? टिक-टिक ४ तारखेची, म्हणजे ५ मार्चपर्यंत फोनवर मौन. पक्कं.

९ जानेवारी
तृप्तीला कोडमध्ये मेसेज: ‘घड तयार व्हायला साठ दिवस. तोवर गाडी लावू नका.’ तो तिच्या बाबांनी, काशिनाथकाकांनी वाचला. विचारत होते म्हणे, हा पोरगा केळीचा दलाल आहे का?

१५ जानेवारी
माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: माझा फोन कोण ऐकतं, कुणाच्या हुकमानं, का? फोन नंबर लिहिला नाही. एवढा येडा नाही मी.

२ फेब्रुवारी
स्वतः नेपानगरला जायला निघालो. समोरासमोर बोलणं कोण टॅप करणार! वाटेत असीरगडला चहाला उतरलो. गडावर जाणारी चार पोरं भेटली, त्यांच्यासोबत वर गेलो. वर हवा काय मस्त! खाली आलो तर बस गेलेली. बुरहानपूरला घरी परत. मावा जलेबी खाल्ली.

१९ फेब्रुवारी
तृप्तीचे मिस्ड कॉल: नऊ. एकही उचलला नाही. माझा निश्चय बघून मलाच नवल वाटतं.

२३ फेब्रुवारी
डिसेंबरपासून दगाकाकांच्या बागेत केळी कापायला जातो. त्यांना विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. काका माझ्या खिशाकडे वाकून मोठ्यानं बोलले, ओ साहेब, ऐकताय तं आमच्या मोटरीचं बी बघा, तीन दिवस झाले लाईट नाही. एवढ्या गंभीर गोष्टीची मस्करी.

५ मार्च
मौन संपलं! सेलिब्रेशन म्हणून उरलेला व्हिडिओ पाहिला. हुकूम वाढवता येतो. एकूण एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. हे पहिल्या अर्ध्या भागात सांगायला काय झालं होतं?

६ मार्च, दुपार
अर्जाचं उत्तर आलं. ‘आवेदक ने दूरभाष क्रमांक नहीं लिखा है. कौन-सा फ़ोन?’
फोनच विकून टाकू म्हणून विपुलच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्यानं उघडला, हसला, सुईनं काहीतरी काळं खरवडून काढलं. केळीचा चीक. म्हणाला, भाऊ, टिक-टिक याचीच होती, बागेत चिकाच्या हातानं फोन धरत जाऊ नको.

६ मार्च, संध्याकाळ
तृप्तीला फोन केला. म्हटलं, लाईन सेफ आहे, रविवारी येतो, काकांशी बोलतो. ती म्हणाली, मागच्या रविवारी माझा साखरपुडा झाला. मुलगा डोईफोडिया गावचा. मी विचारलं, आधी सांगायचं ना? म्हणाली, नऊ वेळा सांगायला फोन केला. मग म्हणाली, तो फोनबिन करत नाही, सरळ घरी येतो.
टिक-टिक अजिबात नव्हती. एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला.