रिंगमागची पोकळी

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा दापोडीत! परभणीहून निघताना आई कुरकुरत होती, जमिनीखालची कसली रे ही नोकरी. म्हटलं, पगार तर वरच मिळतो ना. खोली झकास आहे, रुळांच्या बाजूच्या गल्लीत, तळमजल्यावर. आमचा मेट्रोचा बोगदा पुढे याच गल्लीखालून जाणार, म्हणजे मी माझ्याच घराखाली राबणार. महिनाअखेर बायको दिपाली आणि लेक पूर्वी येतील. पूर्वी चार वर्षांची. फोनवर पापे देऊन स्क्रीन ओली करते म्हणून दिपाली वैतागते. बायकोला सांगत नाही, पण त्या पोरीवाचून मला घास गोड लागत नाही.

५ फेब्रुवारी
काम समजलं. इथली जमीन नदीच्या गाळाची, मऊ. मशीन पुढे माती खात जातं आणि मागे काँक्रीटची रिंग बसत जाते. रिंग आणि माती यांच्यात फट राहते, तिच्यात सिमेंटचा लगदा दाबून भरायचा, नाहीतर वरची घरं खचतील. भरलं की नाही हे मी रिंगवर हातोडी वाजवून सांगायचं. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच. आमचा फोरमन ज्योतीराम मावळातला. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, आवाज लांबून ऐकायचा, रिंगला कान लावायचा नाही. का, ते सांगेना. माझ्याआधी हे काम गणराज करायचा. आता तो वर गेटवर बसतो. ओळख काढायला गेलो, पण गडी हूं की चूं करत नाही.

११ फेब्रुवारी
मशीनच्या धडधडीत काही कळेना, म्हणून लावला कान. आत पोकळ होतं. आणि त्या पोकळीत कुणीतरी श्वास रोखून माझंच ऐकतंय असं वाटलं. छे! लगदा भरायला सांगितला, पण कितीही दाबला तरी आत जाईना. दुपारी पुन्हा वाजवलं तर रिंग भरीव. न भरताच भरली. सगळे खूश. माझा कान मात्र बधिर झालाय.

१६ फेब्रुवारी
रोज कान लावतो. रोज पोकळी आपोआप भरते. साहेबांनी पाठ थोपटली. बरं वाटलं नाही, वाईटही नाही. चहावाल्या भिमाजीने गणराजचं सांगितलं. आई गेल्याचा फोन आला तेव्हा तो पोहे खात होता. फोन ठेवला, पोहे संपवले, वर शेव मागितली. हे ऐकून अंगावर काटा यायला हवा होता.

२० फेब्रुवारी
ज्योतीरामला खरं ते सांगितलं. त्याने मला बाजूला ओढलं. म्हणाला, "भुईला पोकळ राहवत न्हाई, राव. सिमेंट नको झालं की माणसातली माया घेती. लेकराला हितं आणू नको." मी बरं म्हटलं. दिपालीला फोन करून येऊ नको सांगायचं ठरवलं. मग जेवलो आणि झोपलो.

२४ फेब्रुवारी
फोन राहिला. उद्या करतो. पोरीचा चेहरा आठवतो, पण नुसता, आधार कार्डावरच्या फोटोसारखा. याची भीती वाटायला हवी. वाटत नाही, हेच तर —

२८ फेब्रुवारी
आल्या. पूर्वी पळत येऊन गळ्यात पडली. वजन कळलं. बाकी काही — दिपाली रडली. म्हणाली, तुम्ही असे कसे झालात. मशीन आज आमच्या गल्लीखाली आहे.

१ मार्च, दुपार
दिपाली भाजीला गेलीय. पूर्वी माझ्याजवळ येत नाही. फरशीला कान लावून पालथी पडलीय, हसतेय. खालून कुणीतरी लाडाने हाक मारतंय. मलाही ऐकू आलं. आवाज माझाच —

काय करतेस, विचारलं. म्हणाली, "माझे बाबा खाली आहेत."

आता हसत नाही. डोळे उघडे. हाताला गार लागली —

उचलायला हवं. कळतंय मला. दोन्ही हात पुढे केले की झालं. एवढी ओळ लिहून होऊ दे, मग