पिठाच्या डब्याखालचा कागद

बाई, तुमी मेल्याला चार वर्सं झाली आन मला ते काल कळलं. फडताळात घालायला रद्दी आणली, तिच्यात तुमचा फोटू निघाला. खाली लिवलंय, लोक माहिती कुठनं मिळवतात आन तिचं काय करतात, ह्याच्या अभ्यासात बाईंनी सारं आयुष्य घालवलं. मी तो कागद उलटा घातला. आता त्यावर तेलाची बरणी हाय.

तुमी सातारच्या कॉलेजातनं यायचा, रहिमतपूरला उतरून आमच्या वस्तीवर चालत. चुलीपाशी पाटावर बसून आईला इचारायचा, औषधाचं कुणाला विचारता, बियाण्याचं कुणाला विचारता. आई भाकरी थापत हसायची. "आवं बाई, घरी तुमाला कोण काय इचारत न्हाई वाटतं?" तुमी तेबी लिवून घ्यायचा. एकदा म्हणला, "आणि ही लेक? हिला विचारता का?" आई म्हणली, "हिला? ही तोंड उघडंल तवा इचारीन."

त्या दिवशी आईनं पिठाच्या डब्याखालनं दवाखान्याचा कागद काढला. छातीतल्या गाठीचा. "बघा की, काय लिवलंय." तुमचं बोट एकेका ओळीवरनं पार तळापातूर गेलं. मग घडी घालून परत दिलात. "मी सांगितलं तर माझं काम बिघडतं. मी नसते तर कुणाला विचारलं असतं?"

"जावंला."

"मग तिलाच विचारा. ती काय म्हणते ते मी पुढच्या खेपेला ऐकते."

जाव म्हणली, वाताची गाठ हाय, हळद लाव. पुढच्या खेपेला तुमी तेबी लिवलंत, हळद किती दिवस लावली तेबी. सांगलीचा डॉक्टर कागद बघून म्हणला, एवढे महिने हे घरात ठेवून काय करत व्हता?

आई गेली. मी आठवी सोडून चुलीपुढं बसले. दहाव्यानंतर तुमी आलात, त्याच पाटावर बसलात, वही उघडलीत. "आता तू कुणाला विचारतेस गं?" मी काय बोलले न्हाई. तुमी तेबी लिवलंत.

तुमाला मरताना कुणी सांगितलं का, काय झालंय ते? का घडी घालून कागद परत दिला? तसंच झालं असावं, असं मला लय वाटतं.

हे धाडायचं न्हाई, चुलीत घालीन. पण आईच्या त्या कागदावर वर समदं इंग्रजी व्हतं आन तळाला एक ओळ मराठीत, पेनानं. ताबडतोब सांगलीला दाखवा. मी तुमच्या खांद्यामागंच उभी व्हते, बाई. ती ओळ मीबी वाचली व्हती.