वर तोंड केलेली दारं

३ फेब्रुवारी, सकाळ
मशीन आलं! पत्र्याला भोकं पाडायचं, पण कॉम्प्युटरवर चालणारं. टरेट नावाच्या गोल चकतीत तऱ्हेतऱ्हेचे पंच बसवायचे, स्क्रीनवर सांगायचं. टरेट फिरतो, हवा तो पंच पत्र्यावर उतरतो. ठक्. चूक व्हायचा प्रश्नच नाही. चुका माणसं करतात.
संकल्प: मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे. चहातली साखर बंद. कुणाशी वाद नाही.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
वाद झाला. बायकोशी. शेडमधलं बेंडिंग मशीन ती चालवते. भोकं पाडून आलेला पत्रा वाकवून त्याची दारं, झाकणं, पेट्या करते. तिचं म्हणणं, नवं मशीन धाकटीकडे द्यावं. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. तिने या मशीनचा कोर्स केलाय. मी म्हटलं, कोर्स कुणीही करतं, मला ते उपजत आहे. धाकटी म्हणाली, भावोजी, परवा मिक्सरचं झाकण उलटं कुणी बसवलं होतं? विषय काय, ही बोलते काय.
शेवटी तह. पहिली ऑर्डर माझी. माल परत आला तर मशीनची किल्ली धाकटीकडे, आणि मी पुन्हा माल पोचवायच्या टेम्पोवर. बायकोने किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण सोडायला जरा वेळच लावला. भावना दाटून आल्या असाव्यात.

५ फेब्रुवारी
मॅन्युअल वाचायला घेतलं. फारच जाड. तूर्त स्क्रीनखाली ठेवलंय. स्क्रीन अगदी डोळ्यांच्या पातळीवर आली. पुस्तक उपयोगी पडल्याशी मतलब.
साखर अर्धा चमचा. म्हणजे बंदच.

७ फेब्रुवारी
ऑर्डर! पॅनेलवाला उघड्यावर ठेवायच्या विजेच्या पेट्या बनवतो. त्यांची दारं आपण करून द्यायची. प्रत्येक दारावर वरच्या बाजूला लूव्हर्स. लूव्हर म्हणजे पत्र्यातच उठवलेली पापणी. तिच्या फटीतून आतली गरम हवा बाहेर जाते.
तो म्हणाला, पहिला नग आणून दाखवा, मी ओके म्हटलं की बाकीचे काढा. मी म्हटलं, साहेब, ते हाताने पंच मारायचे दिवस गेले. आमच्याकडे जसा पहिला नग, तस्साच शेवटचा. तो नुसता ‘असं?’ म्हणाला. छाप पडली.

१० फेब्रुवारी
टूल्स बसवली. लूव्हरचं टूल दोन्ही बाजूंनी बसतं. मी एका बाजूने बसवलं. धाकटी मागून डोकावत म्हणाली, भावोजी, त्याच्यावरची खूण कुठल्या अंगाला आलीय ते बघा. मी म्हटलं, खूण शोभेची असते. तिला चहा करायला सांगणार होतो. तिचा चेहरा पाहून स्वतःच करून आणला. दोन चमचे साखर. कामाचा ताण असताना पथ्यं पाळायची नसतात.

११ फेब्रुवारी
दिवसभर ठकठक. दारामागून दार. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मन भरून आलं. मधे दोनदा डुलकीही लागली, तरी कामात खंड नाही. याला म्हणतात ऑटोमेशन.

१२ फेब्रुवारी
बायकोने एक पत्रा उभा धरून पाहिला आणि म्हणाली, अहो, या पापण्यांची तोंडं वर आहेत.
म्हटलं, असणारच. गरम हवा वर जाते, शाळेत शिकवतात.
ती म्हणाली, पाणी वरून खाली येतं, तेही त्याच शाळेत शिकवतात. ड्रॉइंग दाखवा.
ड्रॉइंग टेम्पोत राहिलंय म्हणालो. होतं खिशातच, पण ऊठसूट काढून बघणं म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव.
तिने विचारलं, एकदा वाकवलं की परत सरळ होणार नाही, पॅनेलवाल्याशी बोललात का? बोललो म्हटलं. बोललोच होतो, सात तारखेला.

१४ फेब्रुवारी
माल पोचवला. येताना शीळ घातली. धाकटीला मोठ्या मनाने सांगितलं, अधूनमधून मशीन पुसायला हरकत नाही. ती गालात हसली. कृतज्ञता असावी.

१७ फेब्रुवारी
पॅनेलवाल्याचा फोन. हा गृहस्थ दारं बसवल्यावर पेटीवर पाइपने पाणी मारून बघतो! काही माणसं जात्याच संशयी. झाडून सगळ्या पापण्या पाण्याने भरल्या, पाणी आत गेलं. म्हणाला, मी विजेच्या पेट्या करतो हो, पक्ष्यांची पाण्याची भांडी नाही.
मी शांतपणे तोडगा सुचवला, दारं उलटी लावा. तो म्हणाला, मग कुलूप बिजागरीच्या जागी येतं. मी म्हटलं, डावखुऱ्या लोकांचा विचार कधीतरी कुणीतरी करायलाच हवा. तो म्हणाला, टेम्पो घेऊन या.

१८ फेब्रुवारी
सगळा माल परत. एक मात्र खरं, शब्द पाळला होता: जसा पहिला नग, तस्साच शेवटचा.
बायकोने फक्त हात पुढे केला. वाटलं, धीर द्यायला टाळी मागतेय. दिली. किल्ली मागत होती.
धाकटीने लूव्हरचं टूल काढून फिरवून बसवलं. एकच पत्रा काढला. बायकोने तो वाकवला. मग धाकटी तेवढं एक दार घेऊन पॅनेलवाल्याकडे गेली, त्याच्यासमोर पाणी मारून घेतलं, ओके घेऊन आली. एका नगासाठी केवढी यातायात! मी टेम्पोत बसून होतो. साखरेचं मोजणं सोडलंय.

२६ फेब्रुवारी
नवी दारं पास झाली. पुढची ऑर्डरही आली. म्हणजे ग्राहक टिकवला कुणी? सुरुवात माझीच.
आज बायकोला कल्पना सुचली. परत आलेलं एक दार ऑफिसात भिंतीवर लावायचं आणि त्या वर तोंड केलेल्या पापण्यांत रोजच्या कामांची कार्डं खोचायची. सगळ्यांत खालची पापणी माझी. मी म्हटलं, बघ, डिझाइन चुकीचं नव्हतंच, जागा चुकली होती. ती म्हणाली, भिंतीवर तरी नीट लावा.
मागे लागून ते काम घेतलं. ड्रिल मारलं. चारही स्क्रू असे आवळले की भूकंपातही हलायचं नाही. सगळ्यांना बोलावलं. धाकटीने पहिलं कार्ड खोचलं. ते खाली पडलं. तिने वाकून दाराकडे पाहिलं. तोंडं खाली होती.
मी म्हटलं, पॅनेलवाल्याला हेच तर हवं होतं.
बायको म्हणाली, पहिला स्क्रू मारल्यावर दाखवायचं होतंत.
ड्रिलही आता धाकटीकडे असतं.