नारायण पेठेतली खोली जयसिंगच्या नावे

मी, संपत गेनबा शेडगे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. शुद्धीवर असल्याचं इतरांनी नुसतं लिहिलं तरी चालतं. मला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला, कारण मी चौदा वर्षं मनोरुग्णालयात काढली आहेत. शेजारच्या मथुराबाई साक्षीदार आहेत. त्या म्हणाल्या, "अहो, वेडे कुठले, तुम्ही नुसते तिरसट आहात." हेही ग्राह्य धरावं. माझ्या यकृतात गाठ आहे आणि दिवाळी दिसणं कठीण आहे, असं दाखला देणारेच डॉक्टर म्हणतात. तेव्हा घाई आहे.

१. माझे थोरले बंधू संभाजी यांना काहीही नाही. आज कर्वेनगर म्हणतात तिथली आमची जमीन १९७९ साली बिल्डरला द्यायची होती. मी सही करेना. सही करत नाही म्हणजे ह्याचं डोकं फिरलंय, असं घरात ठरलं. "संप्या, चार दिस जाऊन ये, बरं वाटंल," म्हणत दादाने मला जीपमध्ये बसवलं. मी आत असताना आई गेली, ते मला आठ महिन्यांनी कळलं. तेव्हा सही केली नाही म्हणून वेडा ठरलो, आज सही करायची तर शहाणपणाचा दाखला लागतो. दादाला मी माफ केलेलं नाही. त्याने दारात येऊन गळा काढू नये.

२. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कागद कापायचं यंत्र, दाभणं आणि उरलेलं बांधणीचं कापड सकीना शमशुद्दीन शेख हिला द्यावं. तिचे वडील इस्पितळाची रजिस्टरं बांधायला यायचे. हाताखाली माणसं हवीत म्हणून त्यांनी वॉर्डातून मला आणि जयसिंग परदेशीला उचललं. जयसिंग कागदाच्या घड्या घालायचा, मी शिवायचो. १९९३ साली डॉक्टरांनी आम्हा दोघांच्याही कागदावर 'घरी सोडण्यास हरकत नाही' असं लिहिलं. हरकत कोणाचीच नव्हती, न्यायला कोणी येत नव्हतं. शेवटी शमशुद्दीनच माझ्यासाठी आले. कारकुनाने विचारलं, नातं काय? ते म्हणाले, "मामा." कारकुनाने त्यांचं आणि माझं नाव वाचलं, एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला. त्यांनी दोन भाचे मागितले असते तर दोघेही आत राहिलो असतो.

३. नारायण पेठेतली माझी खोली स्वकष्टाची आहे, २००६ साली घेतली. ती सर्वस्वी जयसिंगला मिळावी. तो १९८१ पासून आत आहे. त्याच्या भावांनी पत्ता बदलला आणि कळवला नाही. मी सुटलो त्या दिवशी तो फाटकापर्यंत आला होता. मी त्याला म्हणालो होतो, "महिनाभर थांब, तुला नेतो." त्याला सव्वीस वर्षं झाली.

४. ह्यात माझी चूक आहे, ती कागदावर असू दे. खोली झाली तेव्हा शमशुद्दीन म्हणाले, "जा, सांग चुलतभाऊ आहे. कोण बघतंय?" मी ऐकलं नाही. खोट्या नात्यावर सुटल्याची मला लाज वाटायची. ह्याला तरी खऱ्याने सोडवीन, असा माज होता मला. अर्जात नात्यापुढे 'मित्र' लिहिलं. कारकून म्हणाला, "काका, मित्राला सोडता येत नाही, रक्ताचं माणूस आणा." दर वर्षी अर्ज केला, दर वर्षी हेच. मग नवीन कायदा आला. घरच्यांनी टाकलं एवढ्याच कारणाने कोणाला आत ठेवता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ती प्रत मी कापडी बांधणीत बांधली, पोरासारखी काखेत घेऊन हिंडलो. त्या कायद्याने नेमलेल्या मंडळापुढे सुनावणीच्या तीन तारखा मिळाल्या. पहिल्या तारखेला एक सदस्य रजेवर, दुसऱ्या तारखेला अध्यक्ष नेमलेले नाहीत, तिसऱ्या वेळी 'पुढील तारीख कळवू'. आता तिथे आधार कार्ड मागतात, म्हणजे खोटं बोलायचीही सोय गेली. तत्त्व माझं, आणि वर्षं त्याची गेली. एक शब्द खोटा बोललो असतो तर तो तेरा वर्षं ह्या खोलीत चहा पीत बसला असता.

५. माझं दहन विजेवर करावं. दहावा-तेरावा नको. फोटोला हार घालायचाच असेल तर आधी फोटो शोधावा लागेल, एकच आहे आणि तो इस्पितळाच्या कागदांत आहे.

६. गेल्या महिन्यात बसने इस्पितळात जाऊन मी जयसिंगला सगळं सांगितलं. "खोली तुझ्या नावावर करतोय."

"आणि तू?"

"मी नसेन रे."

तो बराच वेळ चादरीची घडी घालत बसला. मग म्हणाला, "मग नाही येत मी. इथं संध्याकाळी मोजताना तरी माझं नाव घेतात."

मी तिथेच, वॉर्डात, हमसून हमसून रडलो, आणि तोच माझी समजूत काढत होता. त्याला आता बाहेरचं काही नको आहे, आणि त्याला तसं मी केलंय.

७. तरीही खोली त्याचीच. तो जिवंत असेपर्यंत ती विकू नये, भाड्याने देऊ नये. व्यवस्था सकीनाने बघावी. तारखांना जात राहावं. काही होईल असं मला वाटत नाही, पण जावं. जयसिंग गेल्यावर मात्र खोलीचं सकीनाने वाटेल ते करावं. तो गेल्याचं तिला कळवावं, असा अर्ज मी इस्पितळाकडे केला होता. काल उत्तर आलं. एकच ओळ आहे: 'सदर महिलेचे रुग्णाशी नाते कळवावे.'

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: पुणे
दिनांक: ९ सप्टेंबर २०१९

(सही) संपत गेनबा शेडगे

साक्षीदार:
१. (सही) मथुराबाई दिनकर पानसे, शेजारी
२. (सही) डॉ. नासिर इनामदार, दाखला देणारे