संशयित इसम, गल्ली नंबर चार

२ एप्रिल, बुधवार
मागच्या गल्लीत भरदुपारी घर फोडलं. शेजारीण बाहेर कुरडया वाळत घालत होती. चोर सामान घेऊन निघाले तेव्हा तिनं त्यांना कुरडयांवर पाय देऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते बाजूनं गेले. अशा बायकांच्या भरवशावर आपण झोपतो.

संध्याकाळी पोलिसांची बैठक. हवालदार धम्मपाल म्हणाले, चोरीच्या आधी टोळीतला एक जण रेकी करायला येतो. कपडे नीटनेटके, बोलणं गोड. घर कोणाचं, आत माणसं किती, कोण कधी घरी असतं, असं सहज विचारतो. मी एकटीच लिहून घेत होते. बाकीचे समोसे खात होते. माझा समोसा थंड होता. दोन्ही.

४ एप्रिल, शुक्रवार
गल्ली नंबर चारची सुरक्षा समिती स्थापन. अध्यक्ष मी, बिनविरोध. विरोधाला वेळच ठेवला नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची आठ पर्यवेक्षिका होते. सभा कशी आटपायची ते मला कळतं.
समोरचे निजामुद्दीनभाई, फर्निचरवाले, म्हणाले, मॅडम, समिती कशाला, तुमचा आवाज ऐकून चोर जालन्यापर्यंत पळेल. कौतुक करायची त्यांची पद्धत जरा ओबडधोबड आहे.
संकल्प: उद्यापासून रोज तीन ते पाच गस्त.

५ एप्रिल, शनिवार
गस्त नाही. जेवणानंतर डोळा लागला. तसंही पहिल्या दिवशी चोराला गाफील ठेवणंच योग्य.

६ एप्रिल, रविवार
जालन्याला मुलगी पाहिली. अपेक्षा. फार्मसी कॉलेजात शिकवते. माझ्या एका प्रश्नाला तिनं उलट प्रश्न विचारला. उद्धट नाही, स्मार्ट.
शिवराज छत्तिसाचा झाला. शेंद्र्याला कंपनीत चांगला इंजिनियर आहे, पण मुली बघायला नेलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा बसतो. आज पोहे परत मागून घेतले. परतताना गाडीत म्हणाला, आई, ही मला खरंच आवडली. प्लीज, ह्या वेळी तू काही बोलू नकोस. मी म्हटलं, मी कधी बोलते?

७ एप्रिल, सोमवार
मध्यस्थ भामाबाईंचा फोन. मुलीकडचे खूश. फक्त मुलीचे मामा काल नव्हते. बद्रीनाथमामा. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते त्यांच्या पद्धतीनं चौकशी करतील म्हणे. मी म्हटलं, खुशाल करा. गल्लीत कोणालाही विचारा.
गस्त नाही. पाहुणे अचानक आले तर घर आवरलेलं असावं.

९ एप्रिल, बुधवार
गस्त सुरू! ऊन भयंकर. तोंडाला स्कार्फ, काळा गॉगल, ह्यांची जुनी क्रिकेटची टोपी, हातात काठी, गळ्यात शाळेची शिट्टी. रिटायर होताना ती माझ्याकडेच राहिली, परत मागायची कोणाची हिंमत झाली नाही.
कामवाली कडूबाई म्हणाली, बाई, लई भारी, पण तुमीच चोरावानी दिसता. तिला कॅमुफ्लाज समजावून सांगितलं. व्हय म्हणाली आणि भांडी घासत हसत राहिली.

११ एप्रिल, शुक्रवार
सापडला!!
चारच्या सुमारास निजामुद्दीनभाईंच्या लिंबाखाली उभी होते. स्कूटरवर एक इसम. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. नंबर एमएच एकवीस, म्हणजे टोळी बाहेरच्या जिल्ह्यातली. सरळ माझ्याकडे आला. ताई, ते समोरचं पिशोरकरांचं घर ना?
माझं घर. शहरात एवढी घरं असताना नेमकं माझं.
चेहरा स्थिर ठेवला. तसाही स्कार्फमध्ये होता. मी म्हटलं, हो, का? म्हणाला, सहज. मग अगदी पाठ केल्यासारखं: घर स्वतःचं का? माणसं किती? मुलगा किती वाजता येतो? दिवसभर आई एकटीच असते का?
हवालदारांनी सांगितलेला शब्द न् शब्द.
मी शिट्टी वाजवली नाही. इथे बुद्धी कामाला येते. चोर पकडून उपयोग नाही, त्याचा ह्या घरातला इंटरेस्ट मारला पाहिजे. आवाज खाली आणून सांगितलं, दादा, तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. घर गहाण आहे. सोनं म्हणाल तर मणीसुद्धा उरलेला नाही. मुलगा पितो. कधी येईल भरवसा नाही, आला की उशाशी सुरा घेऊन झोपतो. तीन केसेस आहेत. मागच्या वर्षी एकाचा हात मोडला.
त्यानं विचारलं, आणि आई? मी म्हटलं, आई तर त्याच्या वर. अख्खी गल्ली थरथर कापते तिला. एवढं एक खरं सांगितलं.
इसम पांढरा पडला. बरं झालं ताई, तुम्ही भेटलात म्हणाला. जाताना हात जोडले.
शिवराजला काही सांगितलं नाही. बिचारा घाबरेल.

१२ एप्रिल, शनिवार
काल इसम जाताना काढलेला पाठमोरा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर लाल अक्षरांत: संशयित. सावध राहा.
सगीराभाभी, निजामुद्दीनभाईंची बायको, धावत आल्या. अरे मॅडम, ये तो हमारे घर पे चाय पी के गए! डोक्याला हात लावला. चोराला चहा! वर म्हणतात, आपको मिलने के पहले आए थे, बहोत शरीफ, अपने शिवराज का... मी तिथेच थांबवलं. तुम्ही त्याला काय काय सांगून बसलात ते मला ऐकायचंच नाही, म्हटलं. यापुढे तपासाचं समिती बघेल.

१५ एप्रिल, मंगळवार
जालन्याहून फोन नाही. शिवराज जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. शर्टांना स्वतः इस्त्री करायला लागला आहे. हॉलला कोणता रंग बरा दिसेल विचारत होता.
गस्त नाही. गुडघा. टोळीनं आपलं घर सोडलंच आहे.

१७ एप्रिल, गुरुवार
नकार आला.
भामाबाई आधी नीट सांगेचनात. मग एकदाचं बाहेर पडलं: मुलगा पितो, उशाशी सुरा ठेवतो, त्याच्यावर केसेस आहेत, घर गहाण आहे. शेजारच्याच बाईनं मामांना सांगितलं म्हणे.
शेजारच्याच! माझ्या सोन्यासारख्या मुलाबद्दल! कोण ही सटवी? सगीराभाभी नव्हेत, त्या चहा पाजतात. बाकी सगळ्या संशयित. उद्या तातडीची सभा. नाव कळल्याशिवाय कोणाला उठू देणार नाही.
शिवराजला सांगितलं. बरं म्हणाला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्ट अर्धाच झाला होता.

१८ एप्रिल, शुक्रवार
सभा. मी कडक बोलले. चारित्र्यहनन, कायदा, लाज. कोणी माझ्या नजरेला नजर देईना. म्हटलं, गिल्टी कॉन्शन्स.
मग निजामुद्दीनभाई उठले. मामांनी चहा पिताना त्यांना नंबर दिला होता, म्हणून सकाळी फोन करून विचारलं म्हणे, ती बाई दिसायला कशी होती. सावकाश सांगत गेले. तोंडाला स्कार्फ. काळा गॉगल. टोपी. काठी. गळ्यात शिट्टी.
सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. मीही खाली पाहिलं.
सभा तहकूब.

१९ एप्रिल, शनिवार
मुद्दा समजून घ्यायला हवा. माझी माहिती चोरासाठी होती. तो चोर असता तर योजना शंभर टक्के यशस्वी ठरली असती. चूक त्या माणसाची. सरळ सांगायचं ना, मी मामा.
शिवराजलाही हेच समजावलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आई, मी तुला एकच गोष्ट मागितली होती.
जेवला नाही. मीही नाही.
रात्री निजामुद्दीनभाईंकडे गेले. काहीतरी करा म्हटलं. असं मी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. ते म्हणाले, एक रास्ता है मॅडम, पर आपको बुरा लगेगा. मामांना सांगायचं, ती बाई वेडी आहे. प्रत्येक घराबद्दल असंच सांगत फिरते.
मी म्हटलं, सांगा.

२० एप्रिल, रविवार
मामांना पटलं. शिट्टी पाहूनच त्यांना शंका आली होती म्हणे. पुढच्या रविवारी स्वतः येणार. एकच अडचण. निजामुद्दीनभाईंना म्हणाले, चेहरा नाही पाहिला, पण तिचा आवाज हजारांत ओळखेन.

२७ एप्रिल, रविवार
मामा आले. सोबत अपेक्षाची आई. आपल्याकडून निजामुद्दीनभाई आणि सगीराभाभी. शिवराजनं दारातच सांगून टाकलं, आईचा घसा पूर्ण बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय.
मामांनी एकदा इंग्रजी शाळांवर मत मांडलं, तद्दन चुकीचं. मी बशी पुढे केली. पोहे थोडे खारट झालेत म्हणाले. झाले नव्हते. मी हसले.
घर फिरून पाहिलं. शिवराजशी बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, आमची ना नाही. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढू. शिवराजचा चेहरा असा मी त्याच्या दहावीनंतर पाहिला नव्हता. एप्रिलपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घसा कसा बसलेला राहील, हे कोणी विचारलं नाही.
अपेक्षाच्या आई म्हणाल्या, विहीणबाई किती शांत आहेत, माझी लेक नशीबवान. सगीराभाभींना ठसका लागला.
मग मामा माझ्याकडे वळले. त्या वेडीचा तुम्हाला त्रास होत नाही का हो? मी मान हलवली. नाही. म्हणाले, बिचारीला घरचं कोणी नसेल, म्हणून उन्हात अशी फिरते.
शिवराज म्हणाला, आहे ना मामा. मुलगा आहे. मामा म्हणाले, मग तो लक्ष देत नसेल. शिवराज म्हणाला, देतो. पण ती ऐकत नाही.
ह्यावर माझ्याकडे किमान चार उत्तरं होती. मी आणखी चहा ठेवायला आत गेले.