हातातलं की हॉलमधलं

४ मार्च, सोमवार

मॅनेजरबाईंनी आज चिठ्ठी दिली. रोज जेवताना समोर असतात, बोलता आलं असतं. पण नाही, चिठ्ठी! 'आपल्या खोलीतील खेळाचे यंत्र टीव्हीला जोडले जात असल्याचे निदर्शनास आले आहे. नियम नऊनुसार खुलासा करावा.'

नियम नऊ या वृद्धाश्रमात सगळ्यांना पाठ आहे. हातात धरायची वस्तू ज्याची त्याच्या खोलीत. टीव्हीला किंवा भिंतीला लागणारी वस्तू सगळ्यांची, म्हणून ती हॉलमध्ये. मी येण्याआधी कधीतरी स्पीकरवरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती, त्याचं हे फळ. खोल्यांमधले छोटे टीव्ही नियमाच्या आधीचे, म्हणून वाचले.

आणि माझं यंत्र? स्टँडवर ठेवलं की खेळ टीव्हीवर दिसतो. उचललं की त्याच्याच पडद्यावर, हातात. धड इकडचं ना तिकडचं.

चुगली कोणी केली ते उघड आहे. शेजारच्या खोलीतले टेलरमास्तर. भिंतीला कान लावूनच बसलेले असतात.

५ मार्च

खुलासा म्हणून काय लिहू? खरं एवढंच आहे की रविवारी चार वाजता माझी मुलगी त्यात येते.

गेल्या वर्षी भेटायला आली तेव्हा दोन सारखी यंत्रं घेऊन आली. एक मला दिलं, शिकवलं, दुसरं घेऊन परत गेली. आपल्याकडे चार वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळ असते. एक रस्ता, दोन मोटारी. तिच्या मोटारीवर नाव 'चिऊ', माझ्या मोटारीवर 'बाबा'. त्यात बोलता येत नाही, नुसतं पळायचं. पण तासभर ती माझ्याबरोबर असते. आठवड्यातला तेवढाच तास. तो मला हॉलमध्ये पंधरा जणांच्या देखत नको आहे.

६ मार्च

खुलासा दिला. 'सदर वस्तू हातातील आहे.' खाली सही, तारीख, हुद्दा. निवृत्त माणसाला हुद्दा नसतो, तरी लिहिला.

१० मार्च, रविवार

चारला तिच्या नावापुढचा हिरवा दिवा लागला. जीव भांड्यात पडला.

जानेवारीत अख्खा महिना दिवा लागलाच नव्हता. मी धरून चाललो होतो की संपलं. तिला विचारलं नाही. फोनवर खेळाचा विषयच मी काढत नाही. काढला आणि म्हणाली, 'बाबा, वेळच होत नाही हो', तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग फेब्रुवारीच्या मध्याला दिवा आपोआप लागायला लागला.

आज ती दोनदा जिंकली, मी एकदा. बहुतेक जिंकू दिलं.

१३ मार्च, बुधवार

समितीची बैठक झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, अजून बोलणाऱ्याच्या तोंडात बघतात.

टेलरमास्तर आधी बोलले. "पँट मी मांडीवर घेऊन शिवतो. म्हणून ती माझ्या मांडीची होत नाही. ज्याच्या अंगावर नीट बसते त्याची ती. हे यंत्र मोठ्या टीव्हीवर नीट बसतं. ते घरचं आहे, घरात सगळ्यांमध्ये ठेवावं."

माणूस बोलला छान, नाही म्हणता येणार नाही.

मग मी उभा राहिलो. चाळीस वर्षं लोकांचे तराजू तपासलेत, असा कसा हरेन? म्हटलं, "काटा दुकानाचा की फिरता, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवायचो. जागेवरून उचलला तरी माप बरोबर देतो का? देत असेल तर फिरता." यंत्र स्टँडवरून उचललं, सगळ्यांना चालवून दाखवलं. "आता हा नुसता स्टँड. हा चालवून दाखवा कुणीतरी."

स्टँड हातोहात फिरून परत माझ्याकडे आला. फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे स्टँडची तुम्हाला गरज नाही?"

"अजिबात नाही."

निकाल: यंत्र हातातलं, खोलीत राहील. स्टँड टीव्हीचा, तो हॉलमध्ये जमा करावा.

खोलीत येऊन छोट्या टीव्हीसमोर बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला!

१७ मार्च, रविवार

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात अजून पिकलेला नाही. यंत्राचा पडदा तळहाताएवढा— रस्ता दिसतो दोऱ्याएवढा, मोटारी मुंगीएवढ्या. पहिल्या फेरीत सहा वेळा खड्ड्यात गेलो. चिऊ केव्हाच पुढे निघून गेली.

वर येऊन पाहतो तर ती वळणावर थांबलेली. मी पोचेपर्यंत थांबली. मग निघाली, पुढच्या वळणावर पुन्हा थांबली.

लहानपणी ही पोर कधी कुणासाठी थांबली नाही. शाळा सुटली की दप्तर माझ्या खांद्यावर आणि ही पुढे. मी मागून हाका मारतोय. आज हाक न मारता थांबली.

२० मार्च

तिचा फोन. चार मिनिटं. तिची सर्दी, माझे गुडघे, तिचं ऑफिस. "आणखी काय बाबा?" ओठांवर आलं होतं की थांबलीस, बरं वाटलं. म्हटलं, "काही नाही, तब्येतीला जप."

२४ मार्च

भिंग आणून पाहिलं. पण दोन हात यंत्राला लागतात, भिंगाला तिसरा कुठून आणू? डोळे चोळत खेळलो. ती थांबत होती.

३० मार्च, शनिवार

टेलरमास्तर दारात. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो त्यांचा.

"स्टँड हॉलमध्ये नुसता धूळ खातोय. उद्या तुमचं यंत्र घेऊन या. मोठ्या पडद्यावर तुम्हाला दिसेल तरी. मला खेळायचं नाही, या हातानं काय खेळणार? बाजूला बघत बसेन."

मी म्हटलं, "त्यात माझी मुलगी येते."

"माहीत आहे. तुम्ही बोलता तिच्याशी, भिंतीतून ऐकू येतं. मला वाटायचं तीही बोलते."

मला ठाऊकच नव्हतं की मी मोठ्यानं बोलतो.

"बघा बुवा," म्हणाले आणि गेले. त्यांना भेटायला कुणी येत नाही, हे मला माहीत आहे. तरी हो म्हणालो नाही. यंत्र हॉलमध्ये नेलं तर काय झिजणार आहे? पण लेकीच्या तासात मला वाटेकरी नको. स्वार्थी आहे मी, लिहून ठेवतो.

७ एप्रिल

सात वेळा खड्ड्यात. सातही वेळा थांबली.

१४ एप्रिल, रविवार

आज बोलून टाकलं. टेलरमास्तर ऐकत असतील तर ऐकोत. ती वळणावर उभी होती, मी अजून लांब होतो. म्हटलं, "चिऊ, मला इथं करमत नाही गं. सहा वर्षं झाली. जेवण चांगलं, माणसं वाईट नाहीत, पण संध्याकाळ झाली की काय करू कळत नाही. फोनवर तुला सांगत नाही, कारण तू तरी काय करणार?"

ऐकू जात नाही तिला, माहीत आहे मला. तरी तिच्यासमोर बोललो. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी पोचलो तशी ती हळूच निघाली, माझ्या बाजूबाजूनं.

रात्री गाढ झोप लागली.

२१ एप्रिल, रविवार

चारला दिवा लागला. दुसरी फेरी चालू होती तेवढ्यात फोन वाजला. चिऊ. एका हातानं मोटार चालवत फोन करते की काय, म्हणून हसतच उचलला.

"बाबा, मागे आवाज कसला येतोय? तुम्ही अजून तो खेळ खेळता? अहो, माझं यंत्र मी फेब्रुवारीतच आहे तसं देऊन टाकलं. ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीत हवं होतं. कोणाकडे गेलं तेही माहीत नाही मला."

"बरं केलंस," म्हटलं.

फोन ठेवला. 'चिऊ' वळणावर थांबली होती. मी यंत्र पुन्हा हातात घेतलं आणि वळणाकडे निघालो.