मामांचं घर पाडलं, फक्त पलीकडचं

ती. शौथ्येनमामा यांस,

भाचा वेईछू याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामी अजून मोहरीची पानं दारातच वाळत घालते ना? माझी तब्येत ठणठणीत आहे, अक्कल होती तिथंच आहे.

सध्या मी नदीपलीकडच्या नव्या 'प्राचीन नगरा'त वेशीवरचा पहारेकरी आहे. (मध्यंतरी नूडलच्या गाडीवर होतो, त्याआधी बासरी शिकत होतो, ते जाऊ द्या.) आमचं नगर तीन वर्षांचं. सकाळी भिंतींवर शेवाळ फवारतात, दुपारी चुलींतून धूर सोडतात. लोक गहिवरतात. मलाच वाटलं, यांना एकदा खरं गाव दाखवावं, म्हणून एक घोळका तुमच्या गल्लीत आणला होता. तुम्ही बनियनवर, गरम पाण्यात पाय सोडून बसलेले. सातशे वर्षांच्या पायरीवर शेजारणीची स्कूटर चार्जिंगला लावलेली. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, इथं तर माणसं राहतात." जसे काही उंदीर निघाले. त्यांच्या नवऱ्यानं तुमचा खांब ठोकून पाहिला आणि हल्लीचा ठरवला. (आमचा सिमेंटचा, तो दणकट वाजतो, म्हणून जुना.)

त्यांनीच तक्रार केली, की हे घर गावाच्या प्राचीनपणाला शोभत नाही. मग कचेरीची माणसं येऊन तुमच्या भिंतीवर लाल गोलात 'छाय' लिहून गेली. आता ते अक्षर दिसलं की घर पडणार, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मामीनं दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणे. पण त्याच आठवड्यात आमच्या मालकांना एक 'पिढीजात घर' हवं झालं. कारागिरानं आमच्या नगरात तुमच्या घराची हुबेहूब नक्कल उभी केली. इतकं हुबेहूब की लाल 'छाय'सुद्धा. लोक त्यापुढं उभे राहून डोळे पुसत फोटो काढायचे.

परवा पाडकामाचं यंत्र थेट आमच्या वेशीतून आत शिरलं. मी आडवा गेलो. (भाला रबरी आहे, वाकला.) चालकाला म्हटलं, काका, हे खोटं घर आहे, खरं पलीकडं.

"पुलावर विचारत आलोय," तो म्हणाला. "जुनं गाव कुठं म्हटल्यावर सगळ्यांनी इकडंच बोट दाखवलं. ते सगळे खोटे, आणि तू चिलखत घालून खरा?"

घर पाडताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळाचा भाग वाटला त्यांना. कचेरीच्या दप्तरात तुमचं घर आता रीतसर पडलेलं आहे. अभिनंदन.

मामींना नमस्कार.

तुमचा,
वेईछू

ता.क. – हे अभिनंदन फार दिवस टिकणारं नाही. कधीतरी कचेरीतलं कुणीतरी पूल ओलांडेलच. म्हणून मी मालकांना सांगितलं, की पडलेल्या घराची एक नक्कल पलीकडं तयार आहे. ते बघून गेले. बरी जमलीय म्हणाले, दहा वर्षं भाड्यानं घेतो. त्यांच्या घराला कचेरी हात लावणार नाही. सोमवारी माणूस येईल. कृपा करून हे घर खरं आहे असं त्याला सांगत बसू नका.

ता.क. २ – तुम्ही दोघांनी मागच्या खोलीत राहायचं. दारात बसायला शहरातून एक नट येतोय. त्या जागेसाठी मी तुमचं नाव पुढं केलं होतं, पण फोटो पाहून ते म्हणाले, हे गृहस्थ या घरातले वाटत नाहीत.